मक्याच्या शेतातला सिद्धान्त आणि वेबची फ्रेमवर्क

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी भेटायला आला. श्रीरामपुरातच बारावी, मग पदवी, मग पुण्यात एका खासगी क्लासमध्ये सहा महिन्यांचा वेब डेव्हलपमेंटचा कोर्स. वडिलांची तीन एकर बागायत. कोर्सची फी उसाच्या बिलातून भरलेली. क्लासमध्ये एका फ्रेमवर्कवर सगळा भर होता. कोर्स संपून मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा जो तो दुसऱ्याच फ्रेमवर्कविषयी विचारू लागला. "सर, मी चुकीचं शिकलो का? आणि आता जे शिकेन ते तरी टिकेल का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता.

मला लगेच उत्तर देता आले नाही. पण त्या प्रश्नाने एका जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळवले. एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हे ते पुस्तक. नवी गोष्ट समाजात कशी पसरते, कोण ती आधी घेतो, कोण नंतर, कोण घेऊन सोडून देतो, याची मांडणी करणारे हे पुस्तक १९६२ साली प्रथम निघाले आणि २००३ साली त्याची पाचवी आवृत्ती आली. कृषिविस्तार, आरोग्यशिक्षण, जाहिरात, शिक्षणशास्त्र अशा अनेक विषयांत ते आधारग्रंथ मानले जाते. 'लवकर स्वीकारणारे' आणि 'मागे रेंगाळणारे' हे शब्द आपण शिक्षक-प्रशिक्षणात ऐकतो, ते मूळ याच परंपरेतले. संगणकाच्या क्षेत्रातही एखादे साधन का चालले वा का पडले, हे सांगताना हाच सिद्धान्त पुढे केला जातो. तो वेब फ्रेमवर्कना कितपत लागू पडतो, हे तपासून पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

जे शिक्षक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. संकेतस्थळ तयार करायला मुळात तीनच गोष्टी लागतात. पानावर काय आहे ते सांगणारी एचटीएमएल, ते कसे दिसावे हे सांगणारी सीएसएस आणि वाचकाने काही केले की पानावर काय घडावे हे सांगणारी जावास्क्रिप्ट ही भाषा. तेवढ्यावर काम भागते. पण संकेतस्थळ मोठे झाले की तीच ती कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात. ही नेहमीची कामे आधीच करून ठेवलेली, आणि उरलेले काम कोणत्या शिस्तीत करायचे हे ठरवून दिलेली चौकट म्हणजे फ्रेमवर्क.

क्रिकेटच्या धावफलकाचे उदाहरण घेऊ. फळ्यावर पाट्या टांगणाऱ्या मुलाला दर चेंडूला सांगावे लागते, "एकूण धावांची शेवटची पाटी बदल, फलंदाजाची बदल, षटकांची बदल." एखादी पाटी विसरली की फलक खोटा ठरतो. आता असा एक हुशार मदतनीस कल्पा, की ज्याला फक्त 'सध्याची स्थिती अशी आहे' एवढेच सांगायचे. कोणत्या पाट्या बदलायच्या ते तो स्वतः जुन्या आणि नव्या स्थितीची तुलना करून ठरवतो. फेसबुकने २०१३ साली खुले केलेले रिअॅक्ट मुळात हेच काम करते. (जाणकार त्याला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात. आपल्या विषयापुरता हा भेद बाजूला ठेवू.) गूगलने २०१० साली आणलेले अँग्युलरजेएस, २०१४ साली आलेले व्ह्यू, सर्व्हरच्या बाजूला २००४ चे रुबी ऑन रेल्स आणि २००५ चे जँगो, ही याच कुटुंबातली आणखी काही नावे.

गेल्या वीस वर्षांत अशी कितीतरी फ्रेमवर्क आली, गाजली आणि मागे पडली. ती का धरली गेली आणि का सोडली गेली, हा आपला प्रश्न.

पुस्तक काय सांगते?

रॉजर्सच्या सिद्धान्ताचा पाया मक्याच्या शेतात आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन संशोधकांनी तिथल्या दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांची पाहणी केली आणि १९४३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी नवे बियाणे घेतले होते. गंमत अशी, की बियाण्याचे उत्पन्न सुमारे वीस टक्के जास्त असूनही, त्याविषयी पहिल्यांदा ऐकल्यापासून ते वापरेपर्यंत शेतकऱ्याने सरासरी नऊ वर्षे घेतली. माहिती पहिल्यांदा विक्रेत्याकडून कळली, पण मन वळवले ते शेजाऱ्याने.

रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवी यंत्रे आवडत, पण नव्या बियाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला. हा अनुभव त्याच्या पुस्तकामागे आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नवे नाकारणाऱ्याचे नुकसान होते, ही गोष्ट त्याने घरातच पाहिली होती.

त्याच्या मते नवी गोष्ट किती लवकर पसरेल हे पाच गुणांवर ठरते. जुन्यापेक्षा ती किती फायद्याची, आपल्या सवयींशी किती जुळणारी, समजायला किती सोपी, थोडक्यात आजमावून पाहता येते का, आणि तिचा परिणाम दुसऱ्याला दिसतो का. स्वीकारणाऱ्यांचे तो पाच गट करतो. अगदी पहिले अडीच टक्के, नंतरचे साडेतेरा टक्के, मग चौतीस आणि चौतीस, आणि शेवटचे सोळा टक्के 'मागे रेंगाळणारे'. घेतलेली गोष्ट सोडण्याची कारणेही तो दोन सांगतो. एक तर तिच्याहून चांगले काही मिळाले म्हणून, किंवा तिच्याविषयी अपेक्षाभंग झाला म्हणून.

जिथे सिद्धान्त बरोबर ठरतो

पुस्तकाचे श्रेय आधी देऊ. जेक्वेरी हे साधन २००६ साली आले तेव्हा ते वाऱ्यासारखे पसरले. रॉजर्सचे पाचही गुण तिथे पुरेपूर दिसतात. त्या काळी इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्स हे ब्राउझर एकच आज्ञा वेगवेगळ्या तऱ्हेने समजत. डेव्हलपरला प्रत्येक गोष्ट दोनदोनदा लिहावी लागे. जेक्वेरीने मधे दुभाष्या बसवला. एक आज्ञा लिहा, कुठेही चालेल. हा झाला फायदा. जुने पान मोडावे लागत नव्हते, एक ओळ वर घातली की झाले. ही झाली जुळणी आणि आजमावणीची सोय. दुपारभरात शिकता येत होते, ही सोपेपणाची बाजू. आणि कोणत्याही पानाचा कोड ब्राउझरमध्ये उघडून पाहता येत असल्याने शेजाऱ्याचे पीक बांधावरून दिसत होते.

शेजाऱ्याचा मुद्दाही खरा आहे. डेव्हलपर माहितीपत्रक वाचून क्वचितच निर्णय घेतो. सोबत काम करणारा म्हणतो, "मी वापरलं, बरं आहे," तेव्हा तो वळतो. यात आयोवातला शेतकरी आणि पुण्यातला डेव्हलपर यांच्यात काही फरक नाही.

जिथे तो अपुरा पडतो

पण इथून पुढे मका आणि फ्रेमवर्क यांच्या वाटा वेगळ्या होतात. माझ्या मते चार ठिकाणी हा सिद्धान्त उणा पडतो.

पहिली गोष्ट. मक्याचे बियाणे शेतात पडले की ते तेच राहते. फ्रेमवर्क तसे नसते. ते घेतल्यानंतरही त्याचे कर्ते ते बदलत राहतात. अँग्युलरजेएसचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. २०१४ साली त्याच्या कर्त्यांनी दुसऱ्या आवृत्तीची कल्पना मांडली, तेव्हा ती जवळजवळ वेगळीच वस्तू निघाली. जुन्यावरून नव्यावर जाण्याचा सरळ मार्गही सुरुवातीला सांगितला गेला नव्हता. वापरणाऱ्यांत मोठी खळबळ उडाली. पुढे काही सोयी केल्या गेल्या, २०१६ साली नवी आवृत्ती आली, आणि जुन्या अँग्युलरजेएसचा सांभाळ ३१ डिसेंबर २०२१ रोजी अधिकृतपणे थांबला. या मधल्या काळात अनेकांनी विचार केला, की सगळे पुन्हा लिहायचेच आहे, तर दुसरेच फ्रेमवर्क का घेऊ नये? इथे वापरणाऱ्याने वस्तू सोडली, की वस्तूने वापरणाऱ्याला सोडले? रॉजर्सच्या दोन कारणांत हे तिसरे बसत नाही.

दुसरी गोष्ट. रॉजर्सचा शेतकरी आपल्या शेताचा मालक आहे. काय पेरायचे ते तो ठरवतो. आपल्या भागात ही गोष्ट वेगळी दिसते. श्रीरामपूर तालुका प्रवरेच्या कालव्यांवर आणि उसावर वाढला. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर ही नावे साखर कारखान्यांमुळेच सर्वांना ठाऊक झाली. इथला शेतकरी उसाची जात निवडताना फक्त आपल्या फायद्याकडे पाहू शकत नाही. शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून आलेल्या 'फुले २६५' या जातीचेच पाहा. टनेज भरपूर, खारवट जमिनीतही तग धरणारी. शेतकऱ्याला ती आवडली. पण ती उशिरा पक्व होते आणि हंगामाच्या सुरुवातीला तिच्यातून साखरेचा उतारा कमी मिळतो, म्हणून काही कारखाने तिची नोंद घ्यायला नाखूश असतात, अशी तक्रार शेतकरी करीत आले आहेत. म्हणजे पिकवणाऱ्याचा हिशेब टनांचा आणि गाळणाऱ्याचा उताऱ्याचा. जात शेतात कितीही चांगली ठरली, तरी तिचे भवितव्य कारखान्याच्या गेटवर ठरते.

डेव्हलपरची स्थिती मक्यापेक्षा या उसाशी जास्त जुळते. फ्रेमवर्क वापरतो तो. पण निवडते कंपनी. कंपनीचा हिशेब वेगळा असतो. या फ्रेमवर्कचे जाणकार बाजारात सहज मिळतील का, एक गेला तर दुसरा बसवता येईल का, ग्राहकाला नाव ओळखीचे वाटेल का. उमेदवार तेच शिकतात जे जाहिरातींत मागितले जाते. आणि कंपन्या तेच मागतात ज्याचे उमेदवार जास्त मिळतात. हे चक्र एकदा फिरू लागले की फ्रेमवर्कच्या गुणदोषांचा प्रश्न मागे पडतो. ज्याचे जास्त आहेत त्याचे आणखी जास्त होतात. माझा विद्यार्थी या चक्रात एका वळणाने मागे राहिला होता, एवढेच. त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नव्हता.

तिसरी गोष्ट सोडण्याच्या खर्चाची. मका दरवर्षी नव्याने पेरायचा असतो. यंदा चुकले तर पुढच्या वर्षी दुसरे बियाणे. ऊस तसा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेत अडवतो आणि तोडणीनंतर त्याचाच खोडवा ठेवला जातो. लागणीचा खर्च वाचतो म्हणून खोडवा परवडतो. आणि तो परवडतो म्हणून जुनी जात शेतात राहते. फ्रेमवर्कचेही असेच. एखाद्या संस्थेचे काम पाच वर्षे एका फ्रेमवर्कवर चालले असेल, तर नवे कितीही चांगले असले तरी सर्व काही पुन्हा लिहिण्याचा खर्च त्याच्या फायद्यातून वजा करावा लागतो. तो वजा केला की अनेकदा काही उरत नाही. म्हणून जुना कोड खोडव्यासारखा राहतो. त्याला आळस म्हणणे बरोबर नाही. तो हिशेब आहे.

चौथी गोष्ट बियाण्याच्या मालकीची. संकरित मक्याच्या कणसातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर तो जोम राहत नाही. शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. नव्या बियाण्याबरोबर त्याने एक अवलंबित्वही घेतले, या गोष्टीला अशा अभ्यासांत फारसे वजन मिळाले नाही. उसाचे बेणे मात्र शेजाऱ्याच्या शेतातून आणता येते. संगणकाच्या जगात हा भेद परवान्याच्या रूपाने येतो. रिअॅक्ट खुले होते, पण त्याच्या परवान्यासोबत पेटंटविषयी एक वेगळे कलम होते. फेसबुकवर पेटंटचा दावा लावणाऱ्याचा त्या पेटंटांवरचा हक्क त्यामुळे संपत असे. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा परवाना चालणार नाही असे ठरवले. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या प्रमुखांनी रिअॅक्टपासून दूर जाण्याचा विचार जाहीर केला. काही दिवसांतच फेसबुकने ते कलम काढले आणि रिअॅक्ट साध्या एमआयटी परवान्याखाली आणले. रिअॅक्टच्या कोडमध्ये काही दोष निघाला होता असे नाही. प्रश्न 'बेणे कोणाचे' एवढाच होता, आणि तेवढ्यावरून एक अतिशय लोकप्रिय साधन सोडले जाण्याची वेळ आली होती.

मागे रेंगाळणारे कोण?

या पुस्तकातला मला सर्वांत खटकणारा शब्द म्हणजे 'मागे रेंगाळणारे'. त्यात दोष त्या माणसाचा, असे आधीच ठरलेले असते. आपल्या ओळखीचा एक दाखला घेऊ.

तालुक्याच्या गावातला कोणताही छापखाना आठवा. लग्नपत्रिका, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल तिथे तयार होतात. वर्षानुवर्षे हे काम जुन्या मराठी फॉन्टांत होत आले. या फॉन्टांत प्रत्येकाची अक्षररचना वेगळी. 'क' च्या जागी एका फॉन्टात एक इंग्रजी चिन्ह, दुसऱ्यात दुसरे. त्यामुळे मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा काला दिसे. यावर उपाय म्हणून युनिकोड ही सर्व लिप्यांची एकच सांकेतिक पद्धत १९९१ साली आली. तिच्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठीची सोयही होती. तरीही छापखाने कित्येक वर्षे जुन्या फॉन्टांवरच राहिले.

मग हे लोक मागासलेले होते का? त्यांच्या बाजूने पाहा. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये होत असे. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि तिच्यातही युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत. कळफलक बोटांत बसलेला. पंधरा वर्षांचे साहित्य जुन्या फॉन्टांत साठलेले. गिऱ्हाईकाला पत्रिका उद्या सकाळी हवी. या परिस्थितीत युनिकोड न घेणे हाच शहाणपणाचा निर्णय होता. याच काळात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे मात्र युनिकोडकडे वळली, कारण त्यांचा मजकूर वाचकाच्या संगणकावर आणि शोधयंत्रात दिसणे हीच त्यांची गरज होती. नवी गोष्ट तीच होती आणि भाषाही तीच. तरी एकाने ती घेतली, दुसऱ्याने घेतली नाही, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. स्वभावाने पुढारलेले आणि स्वभावाने मागासलेले असे दोन गट पाडून हे उलगडत नाही. कामाची साखळी पाहिली तरच उलगडते.

जेक्वेरीचेही तसेच. नव्या डेव्हलपरांच्या गप्पांत आज ते नाव काढले तर लोक हसतात. पण जगातील निम्म्याहून अधिक संकेतस्थळांवर ते अजून आहे. ते सोडणाऱ्यांनीही अपेक्षाभंग झाला म्हणून सोडले नाही. ब्राउझर सुधारले, एकमेकांशी जुळते झाले, आणि जेक्वेरी जे दुभाष्याचे काम करीत होती ते ब्राउझर स्वतःच करू लागले. ज्या उणिवेसाठी साधन आले ती उणीवच भरून निघाली. साधनाला यापेक्षा मानाचा निरोप कोणता?

एक घरचा अनुभवही सांगतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेचे संकेतस्थळ २०१५ च्या सुमारास एका उत्साही माजी विद्यार्थ्याने त्या वेळी गाजत असलेल्या फ्रेमवर्कमध्ये करून दिले. दिसायला देखणे. पुढे तो नोकरीला बंगळूरला गेला. काही वर्षांनी निकालाचे पान उघडेना. दुरुस्त करायला दोघांना दाखवले, दोघांनीही "हे आता कोणी वापरत नाही, नवीन करू" असे सांगितले. त्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याआधी कितीतरी वर्षे साध्या एचटीएमएलमध्ये विज्ञानाच्या प्रयोगांची सहा पाने लिहिली होती. ती आजही उघडतात, मोबाइलवरसुद्धा. यातून फ्रेमवर्क वाईट असा निष्कर्ष काढायचा नाही. शाळेला हवी होती वर्षातून दोनदा बदलणारी चार पाने. त्यासाठी रोज हजारो बदल होणाऱ्या संकेतस्थळाचे अवजार वापरले गेले, ही चूक. बैलगाडीच्या कामाला ट्रक आणला आणि चालक निघून गेला.

रॉजर्सच्या बाजूने

टीका करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यांतले काही आक्षेप रॉजर्सने स्वतःच आपल्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत नोंदवले आहेत. 'नवे ते घेण्याजोगेच' असे गृहीत धरण्याकडे आपल्या अभ्यासशाखेचा कल आहे, आणि व्यवस्थेचा दोष व्यक्तीवर टाकण्याची तिला सवय आहे, हे तो मान्य करतो. चाळीस वर्षे एकच पुस्तक दुरुस्त करीत राहणे आणि त्यात स्वतःवरचे आक्षेप छापणे याला वैज्ञानिक वृत्ती लागते. पण मान्य करूनही त्याने पाच गट आणि ती नावे तशीच ठेवली. वाचकांच्या लक्षात गट राहिले, आक्षेप राहिले नाहीत. प्रशिक्षणवर्गात फळ्यावर घंटेच्या आकाराचा तो आलेख काढला जातो आणि शेवटच्या सोळा टक्क्यांकडे बोट दाखवले जाते. आपल्यापैकी अनेकांनी ते बोट आपल्याकडे वळलेले पाहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. रॉजर्सचे पुस्तक 'घेण्याचा' क्षण चांगला समजावते. पण फ्रेमवर्क ही एका क्षणात घेण्याची वस्तू नाही. तो कर्ते, कंपन्या, सहकारी आणि जुना कोड यांच्याशी केलेला अनेक वर्षांचा करार आहे. डेव्हलपर फ्रेमवर्क धरतात ते बहुधा त्याच्या गुणांमुळे. सोडतात ते मात्र पुष्कळदा त्या करारातला दुसरा कोणी पक्ष बदलला म्हणून. हे ध्यानात घेतले तर 'काल शिकलेले आज फुकट गेले' या भावनेतला अपराधीपणा तरी कमी होईल.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांसाठी एक उपक्रम सुचवतो. संगणकाची गरज नाही. प्रत्येक मुलाने आपल्या घरातली किंवा गावातली अशी एक गोष्ट निवडावी, की जी आधी घेतली आणि नंतर सोडली. एखादी उसाची वा कांद्याची जात, ठिबकचा संच, घरची चूल, दुकानातले बिलाचे सॉफ्टवेअर, काहीही. मग घरच्या मोठ्यांना पाच प्रश्न विचारावेत. ती कोणाचे पाहून घेतली? घेण्याचा निर्णय खरोखर कोणाचा होता? घेतल्यावर ती वस्तू बदलली का, आणि कोणी बदलली? सोडताना काय काय टाकून द्यावे लागले? आणि ज्या गरजेसाठी घेतली, ती गरज आज आहे का? उत्तरे फळ्यावर लिहा आणि रॉजर्सच्या दोन कारणांत किती बसतात ते मोजा. न बसणारी उत्तरे बाजूला काढा. त्यांवरची चर्चा पुस्तकापेक्षा जास्त शिकवील, असा माझा अंदाज आहे.

हेच पाच प्रश्न फ्रेमवर्क निवडणाऱ्यालाही उपयोगी आहेत.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी काय सांगितले? प्रथम त्याच्या कोर्सच्या वह्या पाहिल्या. फ्रेमवर्कच्या आज्ञा पानेच्या पाने होत्या. पण ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात निरोपांची देवाणघेवाण कशी होते, हे त्याला सांगता आले नाही. म्हणालो, "अरे, तू जात शिकलास, जमीन शिकायची राहिली." एचटीएमएल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, जावास्क्रिप्ट १९९५ पासून. जुनी पाने आजच्या ब्राउझरमध्ये उघडतात, कारण जुने मोडायचे नाही हा तिथला दंडक आहे. या जमिनीवर फ्रेमवर्क येतात आणि जातात. जमीन कळलेल्याला नवे फ्रेमवर्क शिकायला काही आठवडे लागतात. न कळलेल्याला दर वेळी नवा कोर्स आणि नवी फी.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण सर, मुलाखतीत जमीन कोणी विचारत नाही." हेही खरे आहे. मुलाखतीपुरते आज चालते ते फ्रेमवर्क त्याला शिकावेच लागेल, आणि तो ते शिकतो आहे. मात्र या वेळी फी भरलेली नाही. संध्याकाळी आमच्या शाळेच्या संगणककक्षात बसतो, आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये धावफलक तयार करतो, आणि मग तोच फ्रेमवर्कमध्ये करून दोन्ही शेजारी ठेवतो. आठवीची दोन मुले त्याच्या मागे उभी राहून बघत असतात.